विहीणबाईंचा हत्ती

"कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तुम्ही स्वतः बुक करून गेलात आणि उशीर झाला, तर नाही थांबणार."

"नकाच थांबू," अण्णा म्हणाले. "आम्हीच आधी येऊन तुमची वाट बघत बसू."

मुलगी कंपनीने शिकवलेलं हसली. अण्णांना ते कौतुकाचं वाटलं. अण्णा म्हणजे माझे वडील, सांगलीच्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. ज्या खात्याचं पाणी कालव्याच्या शेवटच्या शेताला वेळेवर मिळाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही, त्या खात्यातला हा माणूस एका जहाजाला वक्तशीरपणा शिकवत होता. एरवी मी तोंडावर सांगितलं असतं. पण माझ्या एका बाजूला होणारी सासू उभी होती आणि दुसऱ्या बाजूला होणारा नवरा, त्यामुळे मी शहाण्या मुलीसारखा चेहरा करून गप्प राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चेन्नईहून निघून श्रीलंकेच्या बंदरांना लागत जाणारं ते जहाज, आणि त्यावर आम्ही चौघं. परत आल्यावर येणाऱ्या रविवारी सांगलीत माझा साखरपुडा होता. कार्यालय ठरलं होतं, माझ्या आईने साड्या काढून ठेवल्या होत्या. आई आमच्याबरोबर आली नव्हती. पाण्यावर झोपायचं असेल तर मला घरी झोपू दे, असं ती म्हणाली होती. जहाजाची कल्पना सौमित्रची. दोन्ही घरांचं आधी जरा ट्यूनिंग झालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तो पुण्यात एका मोठ्या कंपनीत रिस्क मॅनेजमेंट करायचा, म्हणजे लोकांवर कोणकोणती संकटं येऊ शकतात हे त्यांना आधी सांगून त्याचे पैसे घ्यायचा.

आणि मला हे लग्न हवं होतं. हे आताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटेल की मला तो पहिल्यापासून पसंत नव्हता. चांगला पसंत होता. मी दातांची डॉक्टर. तिशी उलटली होती, आणि तोवर पोह्यांच्या इतक्या बशा फिरवून झाल्या होत्या की उमेदवार आधी कोणता दात लावून खातो यावरून मी त्याचं निदान करायला लागले होते. सौमित्र हळू बोलायचा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा, आणि स्वयंपाक येतो का असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मी त्याच्यावर खूश होते. ही सहल नीट पार पडली की सुटलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नीट पार पाडायची होती ती सुलभाकाकूंना सांभाळून. सौमित्रची आई. डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सौमित्र दुसरीत असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून त्यांनी एकटीने त्याला वाढवलं. नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी समोरच्याने उभं राहावं असा दरारा. मी जीन्समध्ये असले तरी त्या समोर आल्या की नसलेला पदर सावरायची.

"विहीणबाई, तुम्हाला चालेल ना उघडी जीप?" अण्णांनी काउंटरवर तिसऱ्यांदा विचारलं. "कंपनीवाले बसमध्ये चाळीस माणसं कोंबतात आणि डांबरी रस्त्यावरून फिरवून आणतात. बस बघून बिबट्या काय निरोप द्यायला थांबणार आहे? आपण कच्च्या वाटेने पार आत शिरायचं."

"आमची काही हरकत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही ठरवाल ते."

त्यांना खरं तर बसच हवी होती. पाठ दुखते असं त्या सकाळीच मला म्हणाल्या होत्या. पण मुलाची आई हट्टी आहे असं दिसायला नको, म्हणून त्यांनी जीप मान्य केली. आणि अण्णांनाही त्या 'हरकत नाही'चा अर्थ कळला होता, पण आता माघार घेतली तर मुलीकडच्यांनी हात आखडता घेतला असं दिसेल, म्हणून त्यांनी जीप पक्की केली. दोन दिवसांपासून दोन्ही घरं एकमेकांशी इतकं गोड बोलत होती की मला धंद्याच्या दृष्टीने सगळ्यांच्या दातांची काळजी वाटायला लागली होती.

जीपवाला अण्णांनी इंटरनेटवर शोधला होता. त्याचं नाव प्रियंत. त्याच्या जाहिरातीत त्याच्या जीपशेजारी एक बिबट्या उभा होता. जीपची सावली उजवीकडे पडली होती आणि बिबट्याची डावीकडे. अण्णांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला, आणि काकू म्हणाल्या, "छान आहे हो."

रात्री डेकवर सौमित्र मला म्हणाला, "हेमा, अण्णांना एकदा विचारून घे ना, त्या जीपवाल्याचं नक्की आहे ना सगळं. परत यायला किती वेळ लागतो वगैरे. मी विचारलं तर बरं दिसणार नाही."

मी विचारलं. अण्णा रुसले. सौमित्र त्यांना म्हणाला, "अण्णा, तुम्ही केलंय म्हणजे चोखच असणार." अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, परक्याच्या मुलाला कळतं.

सकाळी हंबनटोटा बंदरात उतरलो तर प्रियंत फाटकाबाहेर हजर होता. दोन फोन, एक गॉगल, आणि तोंडात एकच शब्द, "नक्की". त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, हिंदी सिनेमांच्या कृपेने. बिबट्या दिसेल? नक्की. संध्याकाळी पाचच्या आत परत? नक्की. जीपच्या मागच्या सीटचा पट्टा तुटलाय तो? त्याचंही त्याने नक्कीच म्हटलं.

जंगलाचं वर्णन मी करणार नाही, कारण मी ते उडत असतानाच बघितलं. कच्ची वाट म्हणजे लाल मातीत खणलेले खड्डे आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये उरलेली माती. अण्णा पुढे बसले होते. तासाभरात त्यांनी कमरेला हात लावला तो दिवसभर काढला नाही. पण कोणी विचारलं की म्हणायचे, "मजा येते आहे." काकू माझ्या शेजारी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. त्यांची संकष्टी होती. सकाळपासून पोटात फक्त दूध, आणि पिशवीत जहाजावरच्या न्याहारीतून घेतलेली केळी, घरून आणलेले राजगिऱ्याचे आणि दाण्याचे लाडू. ते दुपारी खायचे आणि रात्री चंद्र बघून उपास सोडायचा.

बिबट्या दिसला नाही. मोर दिसले, ते आमच्या सांगलीत मळ्यातही दिसतात. म्हशी दिसल्या, त्या तर दिसतातच. एका डबक्यात मगर होती, पण ती इतकी निवांत पडली होती की अण्णांनी ती खोटी असल्याचा संशय व्यक्त केला. दर वळणावर प्रियंत गाडी थांबवायचा, बोट ओठावर ठेवायचा, आणि आम्ही एका झुडपाकडे भक्तिभावाने बघत बसायचो. सौमित्र प्रत्येक झुडपाचा व्हिडिओ काढत होता.

"थोडं अजून आत जाऊ या?" अण्णांनी विचारलं. बिबट्या न दाखवता विहीणबाईंना परत न्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आमची काही हरकत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

परतायला निघालो ते तसं वेळेतच निघालो. एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला काटेरी झाडी, मधून जेमतेम एक गाडी जाईल अशी वाट. तिथे वळण घेतलं आणि प्रियंतने करकचून ब्रेक दाबला. वाटेच्या मधोमध हत्ती उभा होता.

तो कुठे चालला नव्हता. तो टोलनाक्यावर उभा असावा तसा उभा होता.

"ह्याला सगळे ओळखतात," प्रियंत म्हणाला. "गाड्या अडवतो, खायला मागतो. काही द्यायचं नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, कंटाळून जातो. मॅडमना सांगा, काही द्यायचं नाही."

मॅडमनी तोवर चपला काढून सीटखाली सरकवल्या होत्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

"संकष्टीला साक्षात दर्शन," अण्णा म्हणाले. "विहीणबाई, ही तुमची पुण्याई."

हे अण्णा बोलले नसते तर बरं झालं असतं. काकूंनी डोळे उघडले, पिशवीत हात घातला आणि एक केळं काढलं.

प्रियंत अण्णांकडे बघत म्हणाला, "सर, सांगा."

अण्णा मागे वळले आणि माझ्याकडे बघत कुजबुजले, "हेमा, सांग जरा." मुलाच्या आईला, तीही देवकार्यात, नको म्हणायचं हे त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मी सौमित्रकडे बघितलं. आई त्याची होती.

"तू सांग ना, हेमा," तो मोबाइल हत्तीवर धरून म्हणाला. "माझं ती ऐकत नाही."

मग चार दिवसांवर साखरपुडा आलेल्या मुलीने होणाऱ्या सासूला सांगितलं, "काकू, तो ड्रायव्हर म्हणतो आहे की हत्तीला काही द्यायचं नाही."

"त्याच्या दृष्टीने तो हत्ती आहे, हेमांगी," काकू म्हणाल्या, आणि केळं पुढे धरलं.

सोंड आली. केळं गेलं. त्या प्राण्याने केलेली ती एवढीच हालचाल इतकी हळुवार होती की मलाही क्षणभर हात जोडावेसे वाटले. मग दुसरं केळं गेलं. मग सगळी केळी गेली. मग लाडू निघाले, आधी राजगिऱ्याचे, मग दाण्याचे. प्रियंतने कपाळाला हात लावला होता.

"ह्याला दात नाहीत," काकू मध्येच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा निराशा होती.

"दात आहेत, काकू. सुळे नाहीत," मी म्हटलं. इतक्या जवळून मला त्याच्या दाढाही दिसत होत्या. कीड नव्हती.

"एक तरी असायला हवा होता," काकू म्हणाल्या.

"सोंड बघा पण," अण्णा म्हणाले. "उजवीकडे वळली आहे."

हे ऐकून काकू गंभीर झाल्या. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. त्याचं सगळं सोवळ्यातलं लागतं, त्यात उणं राहिलं तर चालत नाही. आता सुरू केलंय तर अर्ध्यावर सोडता येणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. पण पिशवीत आता काही उरलं नव्हतं. हत्तीला ते मान्य नव्हतं. त्याने सोंड आत घातली, काकूंच्या मांडीवरची पिशवी उचलली, आणि पिशवीसकट तोंडात घातली. मग तो जीपला टेकून उभा राहिला, पुढचा पदार्थ यायची वाट बघत.

मागून आणखी एक जीप आली. तिच्यातल्या लोकांनी आमचा नैवेद्य बघितला, त्यांची गाडी मागे मागे गेली आणि दुसऱ्या वाटेला लागली.

"आपणही मागे घ्या की," अण्णा म्हणाले.

तेव्हा प्रियंतने सांगितलं की जीपचा रिव्हर्स गिअर पडत नाही. बरेच दिवस झाले. आजपर्यंत गरज लागली नव्हती.

एखाद्या साध्या कुटुंबात इथे कडाक्याचं भांडण झालं असतं आणि मनं मोकळी झाली असती. पण आम्ही व्याही होतो.

"चूक माझी आहे," अण्णा म्हणाले. "जीप आधी बघून घ्यायला पाहिजे होती."

"छे हो, मी नसता उद्योग केला," काकू म्हणाल्या.

"तुम्ही कसला उद्योग केलात? तुम्ही भक्ती केलीत."

"तुम्ही एवढ्या हौसेने नेलंत. तुमच्या मनाला लावून घेऊ नका."

हत्ती दोघांचं ऐकत उभा होता. ऊन उतरत चाललं होतं. प्रियंतने हॉर्न वाजवला तेव्हा हत्तीने बॉनेटवर सोंड आपटली, आणि मग परत हॉर्न वाजला नाही. मी घड्याळाकडे बघायचे, मग सौमित्रकडे. तो मला हळूच म्हणाला, "हेमा, अण्णांना म्हणावं, बंदरावर कोणाला तरी फोन करा." मी म्हटलं, "तू कर ना." तो म्हणाला, "बुकिंग त्यांच्या नावावर आहे."

शेवटी हत्ती गेला. कोणाच्या प्रार्थनेने नाही, प्रियंतच्या युक्तीने नाही. त्याला तळ्यावर जावंसं वाटलं म्हणून गेला.

नंतर प्रियंतने ज्या वेगाने गाडी हाणली, त्यात अण्णांची कंबर कामातूनच गेली. बंदराच्या फाटकाशी उतरलो तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. काकू उतरल्या आणि गाडीला धरून उभ्या राहिल्या. सकाळच्या दुधावर दिवस काढलेला, त्यात रक्तदाबाचा त्रास, आणि संध्याकाळची गोळी जहाजावरच्या खोलीत. लांब पलीकडे धक्क्याला आमचं जहाज दिसत होतं, लग्नघरासारखं रोषणाई केलेलं. फाटकापासून तिथपर्यंत प्रवाशांना सोडणारी व्हॅन शेवटची फेरी मारून गेली होती, आणि बाहेरची गाडी आत सोडत नव्हते.

जहाजाचा एक माणूस मोटरसायकलवर फाटकाशी आला होता, कोणी राहिलंय का बघायला. त्याने वायरलेसवर काहीतरी विचारलं आणि आम्हाला इंग्रजीत म्हणाला, "शिडी काढायला लागलेत. मी एकाला नेऊ शकतो. ज्याला चालणं शक्य नाही त्याने बसावं. बाकीच्यांनी पळा, बघा जमतंय का."

"विहीणबाई, तुम्ही बसा," अण्णा वाकलेल्या अवस्थेत म्हणाले.

"मी कशाला? तुमची कंबर बघा. तुम्ही बसा."

"नाही नाही, तुमचा उपास आहे. आधी तुम्ही."

"अण्णासाहेब, माझं ऐका, तुम्ही—"

"असं कसं, तुम्ही बसल्याशिवाय मी—"

त्यांचं हे चाललेलं असताना सौमित्र पुढे झाला. साऱ्या प्रवासात तो आपणहून पुढे झाला तो तेव्हाच. "मी जातो," तो म्हणाला. "मी जाऊन कॅप्टनशी बोलतो. जहाज थांबवतो. तुम्ही या सावकाश."

मला त्याचा अभिमान वाटला. आज हे लिहितानाही मला ते नीट आठवतं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मनात आलं, वेळ आली की हा उभा राहतो. त्याने मागच्या सीटवर पाय टाकला. काकू त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या दंडाला धरून काहीतरी बोलल्या, परत एकदा बोलल्या. मोटरसायकल निघाली आणि लांब जात लहान होत गेली.

आम्ही निघालो. अण्णा माझ्या एका खांद्यावर, काकू दुसऱ्या हाताला धरून. निम्म्या वाटेतही पोचलो नव्हतो तोवर भोंगा झाला. मग जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसायला लागली, आणि ती रुंद होत गेली.

"थांबलं नाही वाटतं," अण्णा म्हणाले.

वरच्या डेकवर गर्दी होती. त्यात कोणी हात हलवला का ते आम्हाला दिसलं नाही.

जहाजाने आमचे पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे ठेवले होते. मागे राहणाऱ्यांची ही नेहमीची व्यवस्था असते म्हणे. तीन पासपोर्ट. एजंट भला माणूस होता. त्याने आम्हाला फाटकाशेजारच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि हॉटेल, विमान वगैरेची फोनाफोनी करायला गेला. अण्णा बाकावर आडवे झाले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, आणि त्यांना झोप लागलेली नाही हे मला कळत होतं. मुलीच्या सोयरिकीचं आपल्या हाताने वाटोळं केलं, असं त्यांच्या मनात चाललं असणार.

मग माझा फोन वाजला. सौमित्रचा मेसेज होता. 'कॅप्टन भेटलाच नाही. खूप ट्राय केला. तुम्ही काळजी घ्या. आईची गोळी इथे खोलीत राहिली आहे, तिथे एखाद्या दुकानात मिळते का तू बघ. तिचा उपास आहे, तेही बघ.'

मी ते वाचून दाखवलं. वाचताना मी दोनदा 'बिचारा' म्हणाले. मला तो अजूनही बिचाराच वाटत होता. एकटाच अडकला, आमच्यामुळे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग टपरीवाल्याला खूण करून चहा मागवला, आणि बरणीतली बिस्किटं मागवली. मैद्याची. चंद्र उगवायला अजून कितीतरी अवकाश होता, बाहेर पुरता अंधारही झाला नव्हता. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मी बघत राहिले. सौमित्रचे वडील गेले त्या आठवड्यातली संकष्टीसुद्धा या बाईने चंद्र बघून सोडली होती, हे मला खुद्द सौमित्रने कौतुकाने सांगितलं होतं.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"भूक लागली आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हेमांगी, तो गाडीवर बसत होता तेव्हा मी त्याला काय म्हटलं, ते ऐकलंस?"

"जपून जा म्हणालात ना?"

"थांब म्हटलं." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, थांब, अण्णांना बसव, त्यांना चालता येत नाही. तो तसाच बसून राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून परत म्हटलं. दुसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मग त्या माणसाला म्हणाला, चला."

टपरीवाला कुठलंसं सिंहली गाणं लावून भांडी घासत होता. मी त्याची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "जहाज थांबवायला गेला होता तो."

"हो. तसं तो म्हणेल," काकू म्हणाल्या. "परत गेल्यावर तुझ्याकडे येईल, फार चांगलं बोलेल. बोलायला मीच शिकवलंय त्याला. बापाविना पोर आहे म्हणून कशाची झळ लागू दिली नाही. उन्हात मी उभी राहिले, रांगेत मी उभी राहिले, त्याच्यासाठी लोकांशी भांडलेही मीच. मला वाटायचं, मोठा झाला की होईल उभा." त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा सरळच होता. "आता माझी जागा घ्यायला तुला नेतो आहे. बाकी काही नाही."

मला रडू आलं. होणारा नवरा जातो आहे म्हणून आलं, की त्याची आई हे बोलते आहे म्हणून आलं, ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर डेकपासून हत्तीपर्यंतचा प्रत्येक 'हेमा, तू सांग ना' उभा राहिला, आणि आपण इतके दिवस याला नम्रता म्हणत होतो याची मला लाज वाटली.

"रविवारचं काय करायचं, काकू?" मी विचारलं.

"ते होणार नाही."

बाकावर अण्णा हलले. पण वळले नाहीत.

"माझं नीट ऐक," काकू पुढे झुकून म्हणाल्या. "नकार आमच्याकडून आला तर लोक तुला नावं ठेवतील. मुलीत काहीतरी असेल म्हणतील, पुढचं स्थळ येताना त्याची चौकशी होईल. म्हणून नकार तुम्ही द्यायचा. मुलीने नाही म्हटलं, असं सांगायचं."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

"सासू खाष्ट निघाली म्हण."

"काकू—"

"म्हण. स्वतःचंच खरं करते म्हण, मुलाला मुठीत ठेवते म्हण. परमुलखात जाऊन हत्तीला लाडू घालत बसली आणि आमचं जहाज चुकवलं म्हण. त्याचं नाव घेतलंस तर दहा जण दहा शंका काढतील, तुलाच समजवायला येतील. माझ्यावर घाल. कोणी पुढे काही विचारणार नाही."

त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी एक घेतलं, आणि दोघी चहा पीत बसलो. लांब समुद्रावर जहाजाचे दिवे अजून दिसत होते, पण आम्ही कोणी तिकडे बघत नव्हतो.

सौमित्र आला, परत आल्यावर, आणि काकू म्हणाल्या होत्या तसाच फार चांगला बोलला. मी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. त्याला गमावल्याचं माझं दुःख महिन्याभरात ओसरलं. दुसरं मात्र अजून ओसरलेलं नाही. नंतर माझं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला, त्याची आईही चांगली आहे. पण डोंबिवलीला जायचा मला काही हक्क उरला नव्हता आणि काकूंनी तो मला घेऊही दिला नाही. मी एकदा फोन केला तर म्हणाल्या, "खाष्ट सासूला फोन करतात का?" आणि ठेवून दिला.

आजही कोणी ना कोणी विचारतं, की तुझं ते ठरलेलं लग्न मोडलं होतं ना, ते का? मी सांगते, सासू खाष्ट होती. लोकांना लगेच पटतं.